धुतलेले पाय

माझ्या मुलाचे पाय लहानपणी इतके स्वच्छ असत की मी त्यांचा दाखला देत असे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. परिपाठ झाला की पोरांची नखं आणि पाय तपासायचे, मळलेलं पोर दिसलं की बाजूला उभं करायचे. पालकसभेत त्याच्या आईला सगळ्यांसमोर सांगायचे, "माझाही मुलगा सहा वर्षांचाच आहे. त्याचे पाय येऊन बघा एकदा." बिचाऱ्या बाया मान खाली घालून ऐकून घेत. आज आठवलं की माझीच मान खाली जाते.

वर्ध्याजवळ नालवाडीत आमच्या घराला लागून एका गवंड्याचं घर होतं. त्याची बायको रोहण्याकडची, शेतकऱ्याघरची. तिच्या अंगणात उरलेली रेती, विटांचे तुकडे, चिखल, आणि त्यात दिवसभर लोळणारी तिची तीन पोरं. ती त्यांच्यासोबत खेळायला कधी बसली नाही, आणि खेळू नका म्हणून ओरडलीही नाही. आपलं काम करत राहायची. मी एकदा कुंपणावरून म्हटलं, "अहो, पोरांना जरा अभ्यासाला बसवत जा." ती हसली. "लहान लेकरू खेळन नाई त काय करन, मॅडम?" मला तो अडाणीपणा वाटला. आमच्या घरात खेळ म्हणजे अभ्यासातून उरलेला वेळ, आणि तो उरणार नाही याची काळजी मी घेत असे.

तान्ह्या पोळ्यासाठी मी त्याला सेलूच्या बाजारातून लाकडी बैल आणला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून त्यानं तो चार घरी ओढत न्यायचा. घरी आला की मी बैल पुसून शोकेसमध्ये ठेवायची, चाकं झिजतील म्हणून. ती चाकं आजही नवी आहेत. शेजारच्या पोरांच्या बैलाला एक कान नव्हता, आणि तो बाराही महिने अंगणात फिरत असे.

एका रविवारी मुलगा मला तिथे सापडला. गुडघ्यापर्यंत चिखल, त्या कानतुट्या बैलाची दोरी हातात. मी त्याला घरी आणून पायांवर फूटपट्टीनं मारलं. त्यानंतर मी पाच वाजता शाळेतून यायची तेव्हा तो पाढे लिहीत बसलेला असे, पाय अगदी लख्ख. त्याची शाळा सकाळची; दुपारी त्याच्याजवळ सासरे असत, पण ते जेवून जे झोपत ते चहालाच उठत. तरी पोरगं शहाण्यासारखं एका जागी बसतं, याचा मला कोण अभिमान.

आता तो बंगळुरूला असतो. त्याला चार वर्षांची मुलगी आहे. व्हिडिओ कॉल केला की बापलेक जमिनीवर बसलेले, दोघांची तोंडं रंगानं माखलेली. "अरे, तिचे कपडे," मी म्हणते. सूनबाई म्हणते, "आई, तिच्या शाळेतच सांगतात, रोज मुलांबरोबर खेळायला बसा." मी एकदा त्याला विचारलं, "तू कुठे शिकलास रे असं खेळायला?" तो नुसता हसला. दोन वर्षं तो वर्ध्याला आला नव्हता. सुट्टी मिळत नाही म्हणायचा.

यंदा पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, शेजारीण गेली. सकाळी फोनवर मी त्याला बोलता बोलता सांगितलं. तो म्हणाला, "मी निघतो. मी येईपर्यंत थांबायला सांग त्यांना." विमानानं नागपूर, तिथून टॅक्सी, आणि चारच्या सुमारास बॅगेसकट थेट तिच्या दारात. स्वतःच्या वडिलांच्या वेळी तो मुका उभा होता. इथे तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, हेवा वाटला.

त्यानं खांदा दिला. पुरुषमंडळी मोक्षधामाकडे गेली, आम्ही बाया मागे राहिलो. तिची धाकटी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"आता लपवून काय करू, मॅडम," ती म्हणाली. "तुमी शाळेत गेल्या, आजोबा झोपले का दादा आमच्याच घरी राहे. साडेचार वाजले का आई त्याले नळावर नेत जाय. घासून घासून पाय धुवे, नखातली माती काडीनं काढे. मने, याच्या मायले दिसलं त मार बसन लेकराले."

"एवढ्या वर्षांत कधी बोलली नाही ती?"

"दादानं शपथ घातलती तिले."

मी तिथून उठले आणि घरी आले. माझ्या मुलाचं लहानपण झालं होतं. कुंपणापलीकडे झालं होतं. त्यात मी कुठेच नव्हते; होते ती फक्त साडेचार वाजल्यावरची भीती म्हणून. आणि ज्या पायांचा दाखला देऊन मी आयाबायांना खाली पाहायला लावलं, ते पाय तिनं धुतलेले होते.

मोक्षधामातून येणाऱ्याला पाय धुवायला लागतात, म्हणून मी फाटकाशी पाण्याची बादली भरून ठेवली. उन्हं उतरताना माणसं परतली. तो बादलीपाशी आला नाही. तिच्या अंगणात गेला, पँट वर दुमडली आणि नळाखाली बसला. टाचा घासल्या, मग बोटांमधली माती काढली, अगदी सावकाश. मी दारातून बघत होते.

मग तो आला. उंबऱ्याबाहेर थांबून त्यानं आधी आपल्या पायांकडे पाहिलं, एकदा तळवे उलटे करूनही पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा माणूस.

"ये ना रे आत, तसाच ये," मी म्हणाले.

"धुतलेत, आई," तो म्हणाला.