मालवण, एक

तेव्हा मी मालवणात एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. शाळेत मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांची निवृत्तीनंतर नजर गेली होती. ते एकटेच राहत. गोव्यातल्या मुलीने त्यांना मजकूर मोठ्याने वाचणारा कॉम्प्युटर आणून दिला होता. एकदा तिने इंटरनेटवर विकत घेतलेलं पुस्तक पाठवलं, पण कॉम्प्युटर ते वाचेना. प्रकाशकाने त्याला कुलूप घातलं होतं. शोधाशोध करून मी एका परदेशी प्रोग्रामरने लिहिलेला छोटासा प्रोग्राम मिळवला. कुलूप उघडलं. सर त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत.

पुढे सायबर कॅफेत बातमी वाचली. तोच प्रोग्रामर अमेरिकेत गेला असताना त्याला अटक झाली होती. असा प्रोग्राम लिहिणं हाच गुन्हा. तिकडे शहराशहरांत लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते.

क्लासात मी हे सांगितलं. मालक म्हणाले, "मॅडम, आपल्याला काय करायचंय?"

रविवारी पुठ्ठ्यावर 'प्रोग्राम लिहिणं हा गुन्हा नाही' असं लिहून मी एसटी स्टँडबाहेर उभी राहिले. माझ्या दोन विद्यार्थिनी मला बघून पलीकडच्या बाजूने गेल्या. एक मासेवाली मात्र टोपली उतरवून थांबली. तिने मला फलक वाचायला लावला. असा प्रोग्राम लिहिला म्हणून एकाला अटक झालीय, असं मी तिला सांगितलं.

"कोण गो तो? तुझो घोव?"

"नाय गे मावशे. वळखीचो पण नाय."

"चोरी केल्यान?"

"विकत घेतलेल्या पुस्तकाचा कुलूप उघडूची चावी केल्यान."

"विकत घेतलेल्या पुस्तकाक कुलूप कित्याक?"

एवढ्यात कणकवलीची गाडी लागली आणि ती धावली.

कुठे किती माणसं जमली, याची यादी एका साइटवर होती. संध्याकाळी मी तिच्यात लिहिलं: मालवण, एक. त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही.

सरांना यातलं काही कळू दिलं नव्हतं. आपल्या पुस्तकापायी हे झालं, असं त्यांनी उगाच मनाला लावून घेतलं असतं.

काही महिन्यांनी तो प्रोग्रामर सुटून मायदेशी गेल्याचं वाचलं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सर एव्हाना मुलीकडे राहायला गेले होते. बूथवरून फोन लावला.

"सर, तो सुटला."

"कोण गं?"

सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

"मला का नाही बोलावलंस? मी आलो असतो उभा राहायला."

बूथबाहेरचा माणूस काच ठोठावत होता.