दुखवट्याची तहकुबी

माझे गुडघे नगरपालिकेने खाल्ले, असं मी म्हणते तेव्हा सून गालातल्या गालात हसते. तिला वाटतं, ऑफिसात बसून लिहिणाऱ्या बाईचे गुडघे जातील कसे? अगं बाई, बसायला मिळालं असतं तर ना! सभेचं कामकाज लिहून घेणारी लिपिक होते मी. नगरसेवक भांडायला लागले की मी बसून लिहायचं, आणि कोणी गेलं की उभं राहायचं. आणि आमच्याकडे सारखं कोणीतरी जायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसई-विरारची महानगरपालिका व्हायची होती, तेव्हा भागाभागाला छोट्या नगरपालिका होत्या, त्यातल्या एकीत मी. महिन्यातून एकदा सर्वसाधारण सभा. सभेच्या सुरुवातीला दुखवट्याचा ठराव. कोणी मंत्री गेला, माजी आमदार गेला, कुणा नगरसेवकाच्या मातोश्री गेल्या, की एकाने उठून ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. गेलेल्या माणसाला मान द्यावा. पण त्या ठरावाला एक शेपूट होतं: ‘दिवंगतांच्या आदरार्थ आजची सभा तहकूब करण्यात यावी.’ झालं! खुर्च्या सरकल्या, विषयपत्रिका जशीच्या तशी पुढच्या महिन्यावर. चहा आणि बटाटेवडे तेवढे तहकूब व्हायचे नाहीत.

कुणाचा विरोध असायचा म्हणता? छे! प्रत्येकाला घाई. वसईतल्या होळी भागातले एक वाडीवाले, म्हणजे बागायतदार, नगरसेवक होते, मोठे सज्जन. दुखवट्याला छातीवर क्रूस काढायचे आणि डोळे मिटून मनापासून प्रार्थना करायचे. पण संध्याकाळी त्यांची भाजी आणि फुलं मुंबईच्या बाजाराला जायची असत, त्यामुळे ‘अनुमोदन’ हा शब्द पहिला त्यांच्याच तोंडून यायचा. दुसऱ्या एकाचं नायगावच्या बाजूला बिल्डिंगचं काम चाललेलं, तो साइटवर पळायचा. गटार तहकूब, दिवाबत्ती तहकूब, पाण्याची लाइन तहकूब. पाण्याचा विषय लांबणीवर टाकल्याचं मीच लिहून काढायची आणि घरी जाऊन बिल्डिंगखाली टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन मीच उभी. साताऱ्याकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा आई म्हणाली होती, समुद्राकाठी चाललीस, पाण्याची काय ददात!

तर एका वर्षी विषयपत्रिकेवर शेवटचा, अकरावा विषय होता एका बाईच्या नोकरीचा. तिचा नवरा आमच्या गटार खात्यात होता. बाजाराच्या मागचे सगळे नाले त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी हाताने उपसलेले. कावीळ झाली आणि आठवड्यात गेला. त्याच्या जागी बायकोला घ्यायचं, एवढाच तो विषय. कुणाची हरकत नव्हती, कागद पुरे होते, फक्त सभेने हो म्हणायचं होतं. पण तिचं सगळं त्या एका ‘हो’वर अडलेलं. कारण ती दोन मुलींना घेऊन राहायची कामगारांच्या चाळीत, आणि त्या खोल्या फक्त कामावरच्या माणसांना. ठराव झाला तर नोकरी, नोकरी लागली तर खोली. नाही तर खोली खाली करून अर्नाळ्याला भावाकडे जायचं. भावाचं घर दोन खोल्यांचं, माणसं त्यातच दाटीवाटीने राहणारी, आणि भावजय ‘या’ म्हणायची ती दारातच उभी राहून. मुलींची शाळा चाळीच्या समोर. थोरली नववीत, हुशार होती.

पहिल्या सभेला बाई आली ती सभागृहाबाहेरच्या बाकड्यावर बसली. अंगावर धुवट लुगडं, हातात पिशवी. सभा सुटल्यावर मला म्हणाली, “बाय, माजा अकरा नंबर झाला?”

“सभा तहकूब झाली ताई. एक माजी मंत्री वारले.”

“अरे देवा. कशानं गेले?” तिने मनापासून विचारलं.

दुसऱ्या महिन्यात एका माजी नगरसेवकाच्या मातोश्री गेल्या. तिसऱ्या महिन्यात कोणी गेलं नाही, तर नगरसेवकच आले नाहीत, गणपूर्ती झाली नाही. चौथ्या महिन्यात पाण्यावरून बायकांचा मोर्चा आला, दारात मडकी फुटली, आणि ती भांडणं सहाव्या विषयापर्यंत पोचेतो दिवे लागले. दर खेपेला ती बाकड्यावर. एकदा माझ्यासाठी पुड्यात सुकी करंदी, बारीक कोलंबी असते ती, घेऊन आली. मी म्हटलं, “अहो ताई, असं नका आणू, लोक काय म्हणतील?” तर म्हणाली, “तू कुटं माजं काम केलंस, तवा कोन काय म्हनंल?” मला हसावं की रडावं कळेना. करंदी घेतली. चवीला झकास होती.

पाचव्या सभेच्या आधी तिला खोली खाली करायची नोटीस लागली. महिनाअखेरपर्यंत. नोटीस देणारे आमच्या आरोग्य खात्याचे साहेब, कामगारांची चाळ त्यांच्याच ताब्यात, काही राक्षस नव्हते. त्यांच्याकडे दुसरा कामगार कधीचा खोली मागत होता, त्याची बायको बाळंतपणाला आलेली. ते मला म्हणाले, “बाई, ह्या सभेत तुमचा अकरा नंबर होऊ दे, मी नोटीस फाडून टाकतो.” तुमचा अकरा नंबर! म्हणजे तोवर तो विषय सगळ्या ऑफिसाने माझ्या पदरात टाकला होता.

त्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला तो मेलेल्यांच्या बातम्या बघायला. कुणी मोठा माणूस गेलेला नव्हता. देवापुढे हात जोडून म्हटलं, बाबा रे, संध्याकाळपर्यंत सगळ्या पुढाऱ्यांना सुखात ठेव. जन्मात पुढाऱ्यांसाठी केलेली तेवढी एकच प्रार्थना.

कसलं काय! सभा सुरू झाली आणि एक जण उठलेच. शेजारच्या तालुक्यातल्या पंचायत समितीचे कुणी माजी सभापती त्या दुपारी गेले होते. आमच्यातल्या चौघांनीसुद्धा त्यांना पाहिलं नसेल. सगळे उभे राहिले. मीही उठले, पेन टेबलावर आपटूनच. आता शेपूट येणार, म्हणून मी दात खाऊन उभी, तेवढ्यात दार ढकलून ती आत आली.

शिपाई “ओ बाई, ओ बाई” करत मागून धावला. ती सरळ नगराध्यक्षांच्या टेबलासमोर आली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, सगल्यांसाठी उभे ऱ्हाता. माज्या घरवाल्यासाठी बी दोन मिनटं ऱ्हावा. तो तं तुमचाच मानूस व्हता.”

खरंच होतं ते. एवढ्या महिन्यांत अकरा नंबरच्या कागदावर तो ‘मयत कर्मचारी’ म्हणून पडून होता, पण त्याच्या नावाचा दुखवटा कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही. नगराध्यक्ष वयस्कर होते, मनाने वाईट नव्हते. ते ओशाळले. “घेऊ, घेऊ. ताबडतोब घेऊ. नाव काय तुमच्या यजमानांचं?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“नाव सांगा ना बाई. ठरावात नाव लागतं.”

तिने मान खाली घातली. माझ्या ध्यानात आलं, पण नगराध्यक्षांच्या येईना. ती जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव लग्नाच्या पंगतीत उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, नंतर सगळा जन्म ‘हे’ आणि ‘ते’ आणि ‘पोरींचा बापूस’. एक नगरसेविका सवयीने म्हणून गेल्या, “अहो, घ्या ना नाव!” हळदीकुंकवाला म्हणतात ना, अगदी तस्सं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. समोर कागद होता, मी नाव सांगू शकत होते. तोंड उघडलंसुद्धा. पण तिने पदर नीट केला, मान वर केली आणि नाव घेतलं. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं. आवाज बारीक नव्हता. आणि शेवटी म्हणाली, “गटार खातं.”

एरवी आमची दोन मिनिटं म्हणजे अर्ध्या मिनिटात ‘ओम शांती’. त्या दिवशी कोणी खाकरलंसुद्धा नाही. होळीवाल्यांनी क्रूस काढला आणि डोळे मिटले. मघाशी हसलेला माणूस खाली बघत होता. ती भिंतीशी उभी होती. मला बरं वाटलं हो, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की इथे उभं राहिलो त्याला काही अर्थ आहे. आता नगराध्यक्ष बसतील, अकरा नंबर आधी घेऊ म्हणतील, आणि पाच मिनिटांत सगळं मार्गी लागेल. न लागायला काय झालं? सगळ्यांचे चेहरे मऊ झालेले.

आणि कोणीतरी बोललं, “दोन्ही दिवंगतांच्या आदरार्थ आजची सभा तहकूब करण्यात यावी.”

“अनुमोदन,” होळीवाले म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते.

खुर्च्या सरकल्या. मी ओरडलेच, “साहेब, विषय क्रमांक अकरा! ह्यांचाच आहे तो!” लिपिकाने सभेत बोलायचं नसतं. मुख्याधिकाऱ्यांनी डोळे वटारले. नगराध्यक्ष मात्र मला समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाई, दुखवट्यानंतर कामकाज घेतात का? तुम्हीच ना नवीन लोकांना हे सांगता? आणि आज तर त्यांचाच मान आहे. बरं दिसेल का?”

बरं दिसेल का! बाहेर बटाटेवड्यांचा वास सुटला होता.

ती बाकड्यावर बसली होती, डोळे पुशीत. चेहरा उजळलेला. “बाय, त्याच्यासाठी बंद ठेवली ना आज मुन्शिपाल्टी? सगली?”

“हो ताई. सगळी.”

“आनि माजा अकरा नंबर?”

मला बोलायला लागलंच नाही. पाच महिने ती त्या बाकड्यावर बसत होती, आमच्या सभेचं व्याकरण तिला माझ्याइतकंच पाठ झालेलं. आधी तिने तोंडावर हात मारला, मग पदर तोंडात कोंबला, आणि मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. हसता हसता म्हणाली, “जिता व्हता तवा नडला, आता मेला तरी नडतोय मेला!” मग रडली. मीही रडले, ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. शिपाई आमच्यासमोर वड्यांची बशी ठेवून गेला. दोघींनीही हात लावला नाही.

मी काय गप्प बसले नाही. नगराध्यक्षांना गाठलं, ते म्हणाले, “सांगतो आरोग्यवाल्यांना.” आरोग्यवाले म्हणाले, “मला कोणी काही सांगितलं नाही, आणि तोंडी सांगून चालत नाही, बाई, ठराव आणा.” मुख्याधिकारी म्हणाले, “पुढच्या सभेत पहिलाच घेऊ.” सगळ्यांचं बरोबर होतं. ह्या नोकरीत मला कधी चुकीचा माणूस भेटलाच नाही, आणि त्याचाच शीण जास्त आला. महिनाअखेरीला तिने खोली खाली केली. चूल, दोन ट्रंका आणि पोरी टेम्पोत घालून अर्नाळ्याला गेली. दुसऱ्या कामगाराची बाळंतीण त्या खोलीत आली. तिचा तरी काय दोष?

पुढच्या सभेत तो विषय खरंच पहिला घेतला. कोणी वाचलासुद्धा नाही. “मंजूर?” “मंजूर.” मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर. शाई वाळायच्या आत पुढचा विषय.

नोकरी लागली. खोली गेली ती गेलीच. खोल्यांच्या यादीत तिचं नाव सगळ्यांच्या खाली, आणि चाळ पुढे मोडकळीला आली म्हणून पाडलीच. ती अर्नाळ्याहून पहाटेच्या पहिल्या एसटीने यायची. धाकटीला तिथल्या शाळेत घातलं. थोरलीची शाळा सुटली ती सुटली. मामीबरोबर ओटीवर मासळी वाळत घालायला लागली, आणि लवकरच तिचं लग्नही लावून टाकलं. पोरीचा विषय निघाला की बाईचा झाडू जोरात चालायचा.

कारण तिला काम दिलं होतं आमच्याच इमारतीत, सभागृह झाडायचं. पुढची कितीतरी वर्षं, महानगरपालिका होईपर्यंत, आम्ही एकमेकींच्या समोर होतो. दुखवट्याचे ठराव यायचेच. सगळे उभे राहायचे, शिपाई, ड्रायव्हर, चहावालासुद्धा किटली खाली ठेवून उभा राहायचा. ती मात्र दाराशी झाडू आडवा टाकून जमिनीवर फतकल मारून बसायची. नवीन आलेल्या साहेबांनी एकदा तिला हटकलं, माणुसकी नाही का म्हणून. तिने ऐकून घेतलं, उठली नाही.

सभा सुटल्यावर मी तिला म्हटलं, “अहो ताई, दोन मिनिटं तर उभं राहायचं. कशाला उगाच बोलणी खाता?”

ती खुर्च्यांखालचे वड्यांचे कागद गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, “नको बाय. मी उभी ऱ्हायले तं कुनाची तरी खोली जायची.”