हलकी फरशी

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरातच होतो आणि आमच्या घराला साधा तडाही गेला नाही. पण खेड्यातली आत्या घरच्या सगळ्यांसकट माळवदाच्या छताखाली गाडली गेली. दगडमातीतून तिला बाहेर काढणाऱ्यांत वडील होते. परत आले ते दगडाशी वैर धरूनच. जातं शेजारी देऊन टाकलं, पाटा-वरवंटा अंगणात गेला, आणि एके दिवशी घरातली शहाबादी फरशी उखडायला माणूस आला. फरशी पायाखाली असते, अंगावर पडत नाही, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचे वडील तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते.

शहाबादीच्या जागी त्यांनी प्लास्टिकची फरशी आणली. कुठल्याशा जुन्या कचेरीत वर्षानुवर्षं पडून असलेली ती खोकी होती. वीतभर लांब, वीतभर रुंद, राखाडी चौकोन. त्यावर पांढऱ्या रेघा. खाली चिकटवायला डांबरासारखा काळा लेप. "बघ, किती हलकी हाय," म्हणत त्यांनी एक चौकोन माझ्या तळहातावर ठेवला होता. हलकं ते चांगलं, एवढंच शहाणपण तेव्हा आमच्या घरात शिल्लक होतं.

पुढे वडील गेले. लातूर क्लासेसचं गाव झालं आणि ज्याच्या त्याच्या घरात शिकायला आलेल्या पोरांसाठी भाड्याच्या खोल्या निघाल्या. मी स्वतः नांदेडला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे नाक मुरडायचा मला काही हक्क नाही. तरी मुरडते. धाकट्या भावानंही घर फोडून खोल्या काढायला घेतल्या. त्याच मे महिन्यात मी आईला भेटायला गेले.

पुढच्या खोलीत कामाला आलेली एक बाई उकिडवी बसून छन्नीनं फरशी उखडत होती. निघालेल्या चौकोनांखालचा काळा थर ती कोरडाच खरवडत होती. खोलीभर धूळ. आणि आई केरसुणीनं ती धूळ गोळा करत होती. बाईला एकटीला कसं राबू द्यायचं, म्हणून.

ती वीतभर मापं आणि तो काळा लेप बघून मी दारातच थांबले. असल्या जुन्या फरशीत आणि लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं, हे मी वाचलं होतं. नुसतं बघून ते कळत नाही, तुकडा तपासून घ्यावा लागतो. तोवर फरशीला हात लावायचा नाही, कोरडं खरवडायचं तर मुळीच नाही. त्याचे बारीक तंतू छातीत गेले तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि कित्येक वर्षं पत्ताही लागत नाही.

मी भावाला बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं.

"ताई, जूनला पोरं येणार हायेत. तपासणीच्या कागदाची वाट बघत बसू का?"

"मग आता उरलेली उकरू तरी नको. तशीच ठेव, वरून नवी घाल."

"दारं घासतील की! नांदेडात बसून उंटावरून शेळ्या हाकू नको. दादांनी घातलेली फरशी हाय, जहर न्हाई."

वडिलांचं नाव निघालं आणि मी गप्प झाले. खरं तर मला गप्प व्हायला निमित्तच हवं होतं. सुट्टीत येऊन भावाशी वाकडं कोण घेणार?

मी लेपासकट एक तुकडा तपासणीसाठी ओला करून दोन पिशव्यांत घट्ट बांधला. आईच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि तिला म्हटलं, कपड्यांची पिशवी भर, आजच्या आज नांदेडला चल. आई कुरकुरली, पण निघाली.

आम्ही उंबऱ्यापाशी आलो तेव्हा त्या बाईनं हातातली छन्नी थांबवली. "म्याडम, आजीला घेऊन चालल्या. लई वाईट हाय का ही धूळ? मी बी थांबू का?"

भाऊ मागेच उभा होता. मी म्हणाले, "पाणी मारून करा. आणि नाकाला पदर बांधा."

पदरानं ते तंतू अडत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तिनं मात्र लगेच पदर बांधला, नीट, मागे गाठ मारून, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं माझं आपलं माणूस मी हाताला धरून बाहेर काढलं होतं. मला माझीच शरम वाटली, पण मी एसटी चुकू दिली नाही.

जून लागल्यावर तपासणीचा कागद आला. फरशीत ॲस्बेस्टॉस होतं, लेपातही होतं. मी भावाला फोन केला.

"झालं की आता," तो म्हणाला. "टाइल्स बसल्या, पोरंबी आली राहायला."

"ती बाई कुठं राहते?"

"कोणती बाई?" मग आठवून, "ती व्हय. नाक्यावरून आणली होती. नाव न्हाई बा ठाऊक."

नाव मीही विचारलं नव्हतं. आई अजून माझ्याकडेच असते. खोकल्याची उबळ आली की आधी घोटभर पाणी पिते आणि मग विचारते, "त्या बाईला कळवलंस का गं?"

मी हो म्हणते.