आर्डिसच्या मिटक्या

घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धेत आर्डिस कोलमन वर्षानुवर्षं परीक्षक होती. विस्कॉन्सिनमधल्या निम्म्या बिअरवाल्यांना तिने तोंडावर नालायक म्हटलं होतं. पण तिला खरी शिसारी यायची ती शेजारच्या खुर्चीतल्या मर्लची. गुण लिहून होईपर्यंत परीक्षकांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम. म्हणून हा बाबा पेला ओठांना लावायचा आणि आर्डिसचं तोंड बघून गुण लिहायचा.

यंदा मध घातलेली गव्हाची बिअर आली. बिअरबरोबर मध आंबला की गोडवा जातो, नुसता सुगंध उरतो. ती बनवणाऱ्या शहाण्याने शेवटी वरून मध ओतला होता. त्यापेक्षा खोकल्याचं औषध परवडलं! आर्डिसने डोळे मिटले, मिटक्या मारल्या आणि तृप्तपणे मान डोलावली.

दोघांनी कागद समोर ठेवले. मर्लचे पन्नासपैकी सत्तेचाळीस, तिचे बारा.

"अगं, तू तर मिटक्या मारत होतीस!" मर्ल ओरडला.

"माझ्या मिटक्यांना गुण देऊन झाले ना? आता जरा बिअर पण पिऊन बघ," असं म्हणत तिने त्याच्या पुढ्यातल्या पेल्याकडे बोट दाखवलं.

पेला अजून काठोकाठ भरलेला होता.