मावसांची गोळी आणि मावशीचा चहा

माझ्या मावसांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि त्या खरेपणापायीच त्यांच्या पायाचा अंगठा जायची वेळ आली होती. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ते चाकूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुणी गाव विचारलं की सांगायचे, "जन्मलो बिदर जिल्ह्यात, लगीन झालं उस्मानाबाद जिल्ह्यात, नोकरी लातूर जिल्ह्यात, आन् जागचा हललो न्हाई, जिल्हेच हलले." गाडी बिघडली की भोंग्यावर "थोड्याच वेळात येईल" वगैरे नाही. "गाडी मोडली हाय, बायालेकरांनी घरला जावं." व्याह्याच्या पंगतीत "वरण लई पाणचट" म्हणून मोकळे झाले होते. मावशी पदरात तोंड खुपसून हसायची.

ती गेली त्याच्या पुढल्या साली दुष्काळ पडला. टँकर आठ दिवसांनी यायचा. मावसांची साखर भडकली, अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि बजावलं, "या औषधाला पोट रिकामं लागतं, नाहीतर ते अंगात उतरतच नाही. उठल्याबरोबर साध्या पाण्याच्या दोन घोटांबरोबर घ्या. पुढं अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही."

"दुष्काळाला शोभती ही गोळी," मावसा खूश होऊन म्हणाले.

तीन महिने झाले, साखर तसूभर हलेना. डॉक्टर विचारायचे, "गोळीवर लगेच चहा घेता का?" "न्हाई." मावसा न्हाई म्हणाले म्हणजे न्हाई, सगळे गोळीलाच शिव्या घालायला लागले. महिनाभरात साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बॅग भरून चाकूर गाठलं.

सकाळी सहाला मावसांनी गोळी घेतली, घड्याळ पाहिलं. मग कपभर चहा केला, तीन चमचे साखर घालून. कपबशी समोरच्या रिकाम्या पाटापुढं ठेवली. मी दारात उभी. बघते तर त्यांचा डावा हात हळूच पुढं आला. मावसा उजव्या हाताचे; डावखुरी होती ती मावशी. त्या हातानं बशीत चहा ओतला, तीन फुंकरा मारल्या, फुर्रकन ओढला, आणि पदरानं टिपावेत तसे पंच्यानं ओठ टिपले. डोळे उघडे, पण बघत नव्हते.

"कवा आलीस गं चिमे?"

आवाज मावसांचा, हेल मावशीचा. मला चिमे म्हणणारी ती एकटीच. आई शप्पथ, अंगावर सर्रकन काटा आला, आणि मेलं रडूही आलं.

अर्ध्या तासानं मावसा हलले. "आता माझा चहा टाक, पोरी."

"मावसा, मघाशी चहा कोण प्यालं?"

"तुझी मावशी. दुसरं कोण?"

आता यांच्याशी वाद काय घालणार, कपाळ! "मग मावशीला अर्धा तास थांबायला सांगा," मी म्हणाले. "अंगठा जाईल हो तुमचा."

"ती कुठं थांबती? उठल्या उठल्या चहा लागतो तिला." त्यांनी पाटापुढची रिकामी कपबशी उचलली. "सांगून बघतो."

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन ते पाटाला म्हणाले, "जरा दम धर गं." अर्धा तास आम्ही दोघं नुसते बसून होतो. मग त्यांनी चहा मांडला. त्यावर साय धरली, तो गार झाला. डावा हात मांडीवरून हललाच नाही. शेवटी तो चहा मला प्यायला लावला.

साखर उतरली, जखम भरली. परवा त्यांचा फोन आला. "अंगठा राहिला बघ, पोरी. पर तवापासून ती आली न्हाई. रोज मांडतो कप." मग हळूच म्हणाले, "एक दिवस गोळी न्हाई घेतली, उठल्या उठल्या चहा मांडला तर चालंल का? इचारशील डॉक्टरला?"

मी अजून विचारलेलं नाही.