विंझरची तबकडी

भोरच्या शाकिर मुलाणीने केलेली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे एक तबकडी. २००२ साली तो पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होता. तिथे पुराचा अंदाज सांगणारा जुना प्रोग्रॅम होता. तो पानंच्या पानं आकडे ओकायचा आणि ते फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्राध्यापकांना कळायचे. प्राध्यापक निवृत्त झाले. मग शाकिरने त्यावर खिडक्या, बटणं, आलेख चढवले. हे त्याने स्वतः घडवलं नव्हतं. शास्त्रीय कामांसाठी असल्या तयार वस्तूंची एक लायब्ररी इंटरनेटवर फुकट मिळत होती. ती त्याने पुण्याहून नऊ फ्लॉप्यांवर आणली. आठवी खराब निघाली म्हणून परत गेला.

प्रत्येक पर्जन्यमापकाला पडद्यावर एक गोल, काट्याची तबकडी. विंझर गावचा मापक म्हाताऱ्या कोंडिबांच्या शेतात, खोपटाशेजारी. ते रोज सकाळी मापकाच्या बाटलीत साठलेलं पाणी मोजत, ओतून देत आणि आकड्याची चिठ्ठी भोरच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत.

"पाऊस न्हाई त्या दिवशी चिठ्ठी न्हाई," त्यांनी सांगून टाकलं होतं. "शून्य लिवायला कागद कशाला नासायचा?"

"बराबर, मामा."

आकडा आला नाही तर काटा शून्यावर ठेवायचा, ही लायब्ररीची मूळचीच सवय होती. शाकिरला एक ओळही लिहावी लागली नाही. कोंडिबा आणि लायब्ररी, दोघेही काटकसरी.

जुलैत कोंडिबांच्या पत्नी ठकुबाई लेकीच्या बाळंतपणाला शिवऱ्याला गेल्या. सोमवारी चिठ्ठी आली, एकेचाळीस मिलिमीटर. मंगळवार, बुधवार, गुरुवार विंझरचा काटा शून्यावर. शेजारच्या वेल्ह्याचा साठाच्या खाली येत नव्हता. शाकिरने ते पाहिलं होतं. काटा किती हळुवार उतरतो, हेही पाहिलं होतं.

शुक्रवारी ठकुबाई परतल्या. कोंडिबा खोपटात पालथे पडले होते. डॉक्टर म्हणाले, एक दिवस झाला असेल, तीनही असतील.

तेराव्यानंतर ठकुबाई शाकिरच्या ऑफिसात आल्या.

"मला तीथ पायजे. कंच्या दिवशी गेलं ते सांग."

"मावशी, तीथ म्हाईत नसली तर सर्वपित्रीला घालत्यात की."

"समद्या गावाच्या म्हाताऱ्यांत? लई लाजरं माणूस रं. पंगतीत कधी मागून घेतलं न्हाई."

शाकिरने फाइल उघडली. तीन शून्यं. पाऊस नाही आणि माणूस नाही, दोन्ही एकाच आकड्यात. मग त्याला सुचलं. कोंडिबांनी शेवटची बाटली ओतल्यानंतर तिच्यात साठलेलं पाणी वेल्ह्याच्या आकड्यांशी ताडलं, तर दिवस निघेल.

"मापकातल्या बाटलीत पाणी किती होतं, मावशी?"

"व्हतं की. घरातलं शिळं, म्हणून त्येच त्यांच्या तोंडात घातलं. उरलेलं पायावर वतलं."

"पण किती?"

"मोजायचं काम त्यांचं. म्या कधी मोजलं?"

ठकुबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मंग ह्ये काय म्हणतंय?"

"बुधवार," तीन शून्यांतल्या मधल्यावर बोट ठेवून शाकिर म्हणाला.

भटजींनी पंचांगात पाहून तीथ काढून दिली. वर्षश्राद्धाला शाकिरला बोलावणं होतं. ठकुबाई आल्या-गेल्याला सांगत होत्या, "ह्या पोराच्या मशीनमुळं कळलं, न्हाईतर उपाशी ऱ्हायलं असतं."

शाकिर सगळे रोजे धरत नाही. पण आषाढात, त्या तिथीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, तो ऑफिसच्या गच्चीवर आपला डबा उघडा ठेवतो.

कावळे दोन्ही दिवशी येतात.