जन्मस्थळ : वाडा

"वाडा!" एजंट मोठ्यानं म्हणाला. माझा पासपोर्ट त्याच्या हातात उघडा होता आणि केबिनचं काचेचं दारही उघडं होतं. बाहेर बाकावर सहा-सात जण नंबर लावून बसलेले. "मावशी, पालघरच्या का तुम्ही? तिकडं वाडा म्हणून तालुका आहे."

"नाही," मी म्हणाले. "जालन्याकडची."

"मग हे प्लेस ऑफ बर्थ वाडा कसं काय? कुणाचा वाडा? देशमुखांचा का पाटलांचा?"

"मेंढरांचा," मी म्हणाले.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. खुर्चीत मागं रेलून तो हसला. "म्हणजे मेंढरांत जन्मल्या तुम्ही? अन् पासपोर्टवर वाडा! एक नंबर." बाकावरचेही हसले. एक बाई रुमाल तोंडाला लावून हसली. तिला तो आत्ताच मॅडम म्हणाला होता. मी मावशी. आमच्या शहरात आईच्या बहिणीलाही मावशी म्हणतात आणि धुणंभांडी करणारीलाही. आपण कोणती मावशी, ते बोलणाऱ्याच्या आवाजावरून कळतं.

आणि मीही हसले. हे लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. सगळे हसत होते म्हणून मीही दात काढले. माझ्याच जन्मावर. उस्मानपुऱ्यातला तो जिना उतरताना तोंड तसंच हसरं राहिलं होतं, खाली रिक्षावाल्यानं "कुठं जायचं?" विचारलं तेव्हा ते मिटलं.

आमच्याकडं वाडा म्हणजे दगडी बांधकाम नाही. धनगर मेंढरं घेऊन फिरतात, तेव्हा जिथं मुक्काम पडेल तो वाडा. मेंढरांभोवती जाळी, घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल. मुक्काम हलला की वाडा उठला. मागं लेंड्या आणि राख राहते. मला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, पोरगी कुठं जन्मली? आई म्हणाली, वाड्यावर. गुरुजींनी लिहिलं, वाडा. तेच दाखल्यावर आलं, दाखल्यावरून पासपोर्टवर. गुरुजी मुद्दाम चुकले नाहीत आणि आईही खोटं बोलली नव्हती.

मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. गाडीचे सुटे भाग मापात आहेत का ते गेज लावून बघायचे. नीट असेल तो पुढं, नसेल तो लाल ट्रेमध्ये. वीस वर्षं हेच. नवरा जाऊन सात वर्षं झाली. पुंडलिकनगरला भाड्याच्या दोन खोल्या. एकच लेक, पूजा. नर्सिंग शिकली, जर्मन शिकली आणि जर्मनीला गेली. तिकडं नर्सा पाहिजेच होत्या. लग्नही तिथंच झालं, जावईही दवाखान्यात पाळीवर. तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. रोज फोनवर एकच, "मम्मी, तू ये ना." कारखाना एका वेळी तीन आठवड्यांच्या वर रजा देत नाही. म्हणजे बाळंतपणाला जायचं, परत यायचं, ती कामावर जायला लागली की पुन्हा जायचं. त्यासाठी टुरिस्ट व्हिसा लागतो, मल्टिपल एंट्रीचा. फॉर्मवर तीन चौकोन असतात. एकदा, दोनदा, अनेकदा. मला तिसरा पाहिजे होता.

हसून झाल्यावर एजंटला युक्ती सुचली होती. "हा वाडा फुकट नाही घालवायचा," तो म्हणाला. "लेटरमध्ये लिहू, मोठं घराणं, गावी वडिलोपार्जित वाडा. सातबारा आहे?"

"नाही."

"कुणाचा तरी लावू. बघा मावशी, नवरा नाही, जमीन नाही, लेक तिकडं. तुम्ही परत याल कशावरून? व्हिसा देणारे हेच बघतात. अन् मल्टिपल विसरा. सिंगल मागू. एकदा जा, नातवंड बघा, फोटो काढा, या. मल्टिपल आपल्यासारख्यांसाठी नसतं."

आपल्यासारख्यांसाठी म्हणाला. भिंतीवर त्याचा स्वतःचा बर्फातला फोटो लावलेला होता, काळा चष्मा घालून. मी मान हलवली. लेक डोळ्यापुढं होती, भीती वाटत होती, आणि कागदातलं आपल्याला काय कळतं असंही वाटत होतं. फाईल त्याच्याकडं ठेवून मी आले होते.

पण चैन पडेना. बसमध्ये, लाईनवर, स्वयंपाक करताना, डोक्यात तेच. मेंढरांत जन्मल्या तुम्ही. रविवारी उठून मी गावी आईकडं गेले. ती उन्हाला पाय पसरून बसली होती. मी विचारलं, "आई, मी नेमकी कुठं जन्मले गं?"

"आत्ता कशाला पायजे तुला?"

"कागदावर लिहायचं आहे."

"गावाचं नाव काय म्हाईत नाय बाई. आपल्या गंगेच्या अलीकडं, एका बागायतदाराचं रान. हरभरा काढलेला व्हता. खतासाठी तीन राती मेंढरं बसवायची बोली झाली व्हती. पयल्याच राती तू झालीस. सकाळी मालक आला. म्हणला, बाळंतिणीचा विटाळ माझ्या रानाला नको. तुझा बाप म्हणला, व्हय, उठवतो वाडा. तर मालक म्हणला, 'मेंढरं राहू द्या. बाळंतीण तेवढी हलवा.'"

"मग?"

"मग काय? बांधाच्या पल्याड बाभळीखाली दोन राती काढल्या. मेंढरं रानात अन् मी बांधावर. लई गारठा व्हता. तुला पोटाशी धरून बसले."

ती हे हसत हसत सांगत होती. हसण्यावारी नेल्याशिवाय तिचं आयुष्य पुढं सरकलं नसतं. मला मात्र हसू आलं नाही. अंगाची लाही झाली. लेंड्या पाहिजेत, बाळंतीण नको. माझ्या लेकीचे हात पाहिजेत, तिची आई मात्र एकदाच यावी आणि लगेच निघावी. आणि मी कोणता वाडा माझ्या नावाला जोडायला निघाले होते? ज्यानं माझ्या आईला बांधापलीकडं बसवलं, त्याच्याच घरासारखा. मला माझाच राग आला, एजंटचा नंतर.

सोमवारी पाळी संपवून थेट उस्मानपुऱ्यात गेले आणि फाईल परत मागितली.

"मावशी, रिजेक्ट झालं तर माझ्याकडं रडत येऊ नका," तो म्हणाला.

"वीस वर्षं मी रिजेक्टचंच काम करते," मी म्हणाले. "रिजेक्ट काय असतं ते मला शिकवू नका. आणि मावशी म्हणू नका. मी तुमच्या आईची बहीण नाही."

बाकावर त्या दिवशीही माणसं होती. कुणी हसलं नाही.

पत्र मी स्वतः लिहिलं. आधी मराठीत, मग मोबाईलवर इंग्रजी केलं, आणि कारखान्यातल्या इंजिनिअर बाईंकडून तपासून घेतलं. त्यात लिहिलं, माझ्या पासपोर्टवर जन्मस्थळ वाडा आहे. हे गाव नाही आणि मोठं घरही नाही. माझे आईवडील मेंढपाळ होते, त्यांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. मला जमीन नाही. तरी मी परत येईन, कारण इथं माझी नोकरी आहे आणि म्हातारी आई आहे. आमची माणसं दर वर्षी दिवाळीनंतर दूर मुलखात जात आणि पावसाळ्याला गावी परत येत. गावात त्यांची वीतभर जमीन नव्हती, तरी येत. माझी लेक बाळंत होणार आहे, मला एकाहून जास्त वेळा जायचं आहे, म्हणून 'अनेकदा' या चौकोनावर मी खूण केली आहे.

मुंबईला कागद द्यायला गेले तेव्हा मशीनवर बोटांचे ठसे उमटेनात. लोखंड हाताळून हाताळून बोटं गुळगुळीत झालेली. तिथली मुलगी भली होती, तिनं ओल्या रुमालानं माझी बोटं पुसून तीनदा ठसे घेतले. पंधरा दिवसांनी पासपोर्ट घरी आला. वर्षाचा व्हिसा, मल्टिपल. मी एकटीच होते घरात. पहिल्यांदा वाटलं, खरं बोलून मिळालं. छाती भरून आली.

पण खरी परीक्षा पुढं होती, आणि तिथं मी नापास झाले.

मी तिकडं पोचले आणि पूजाला मुलगी झाली. आठव्या दिवशी बाळ बघायला दोघी आल्या, पुण्याकडच्या, तिच्या ओळखीतल्या. चांगल्या बोलत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, पूजा सांगत होती, तुमचा जन्म वाड्यातला! किती छान. आम्ही आपले फ्लॅटवाले. किती चौकी होता हो वाडा?"

मी पूजाकडं बघितलं. ती बाळाकडं बघत होती. तिला वाडा म्हणजे काय ते माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी सुट्टीत आजीच्या मागं तीही मेंढरांत हिंडली आहे, कोकरू कडेवर घेऊन. एजंटनं जे खोटं मला शिकवलं, तेच माझ्या लेकीनं कुणी न शिकवता रचलं होतं.

"जुनी गोष्ट आहे ती," मी म्हणाले आणि अळिवाची खीर ढवळायला आत गेले. ओल्या बाळंतिणीला दुखवू नये. आपलेच दात, आपलेच ओठ. बायका गेल्यावर पूजा म्हणाली, "मम्मी, इथं सगळ्या मोठ्या घरच्या आहेत. खोदून खोदून विचारतात. मी काय सांगायचं?" मी तेलाची वाटी घेतली. तिला तेल लावत बसले.

परत आले आणि कामात लक्ष लागेना. दोन चांगले भाग मी लाल ट्रेमध्ये टाकले, सुपरवायझरनं विचारलं तब्येत बरी नाही का. एजंटसमोर मोठी ताठ उभी राहिले होते. परक्यासमोर ताठ राहणं सोपं असतं. लेकीच्या स्वयंपाकघरात त्याच खोट्यावर मी साखर घालून आले होते.

चार-साडेचार महिन्यांनी दुसऱ्यांदा गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पहिला शिक्का शोधला आणि विचारलं, "पुन्हा?" मी "येस" म्हणाले आणि परतीचं तिकीट पुढं सरकवलं. त्यानं शिक्का मारला.

नातीचं उष्टावण होतं. पाच बायका आल्या होत्या. तीच पुण्याची बाई म्हणाली, "काकू, वाड्याचा फोटो असेल ना? दाखवा ना."

"मम्मी, आत खीर लागेल बघ," पूजा घाईनं म्हणाली.

खीर कधीच उतरवून ठेवली होती. मी उठले नाही. "आहे की फोटो," म्हणाले आणि मोबाईल पुढं केला. आई, तिच्या मागं जाळी, जाळीत मेंढरं. "हा वाडा. मेंढरांचा. आम्ही धनगर. मी अशाच एका वाड्यावर जन्मले, दुसऱ्याच्या रानात." आणि मग सगळं सांगितलं. मालक काय म्हणाला तेही, शब्दाला शब्द.

मोबाईल हातोहात फिरला. मग एक जण म्हणाली, "अगं बाई, किती इंटरेस्टिंग!"

"इंटरेस्टिंग नाही," मी म्हणाले. "विटाळ म्हणून हलवली होती तिला."

पूजा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "माझं इथलं सगळं घालवलंस तू."

"तुझं काय गेलं ते सांग," मी म्हणाले. "मग तुझ्या आजीचं काय गेलं ते मी सांगते."

ती रडली. मीही रडले, पण शब्द मागं घेतला नाही. निघताना विमानतळावर जावई एकटाच सोडायला आला.

आता मी इथं आहे. फोन लावला की पूजा बाळाकडं कॅमेरा धरते, स्वतः समोर येत नाही. शेजारीण म्हणाली, लेकीच्या संसारात कशाला बिब्बा घालायचा? असेल, घातला असेन. जीव तुटतो. पण पुन्हा तोच प्रसंग आला तर मी पुन्हा तेच सांगेन.

व्हिसाची मुदत अजून पाच महिने आहे. पुढच्या रजेचा अर्ज मी कालच दिला. पूजा ये म्हणाली तर जाईन, नाही म्हणाली तरी जाईन. नात बोलायला लागेल तेव्हा हा व्हिसा संपलेला असेल. मी दुसरा काढीन. पत्र तेच जोडीन, एक अक्षर न बदलता. आणि त्या पोरीला तिची पणजी कुठं बसली होती ते तिच्या आईच्या देखत मीच सांगणार आहे.